आधी हात, मग बेत

विल्यम केंट्रिज हा दक्षिण आफ्रिकी चित्रकार १९९१ साली ‘माइन’ नावाचा एक छोटा ॲनिमेशनपट करत होता. रेघारेघांचा सूट घालणारा सोहो एकस्टाइन हा खाणमालक सकाळी पलंगावर बसून न्याहारी करतोय आणि त्याच वेळी जमिनीच्या पोटात त्याचे मजूर राबतायत, इथवर चित्रं तयार होती. वरचा पलंग आणि खालची खाण यांचा सांधा कसा जुळवायचा, ते मात्र ठरलं नव्हतं. केंट्रिज पटकथा लिहीत नाही, स्टोरीबोर्डही करत नाही. न्याहारीच्या ट्रेमध्ये काहीतरी हवं म्हणून त्याने स्टुडिओत हाताशी असलेलं कॉफीचं भांडं काढलं. काचेचा उभा नळा आणि वरून दाबायचा दट्ट्या, असं ते भांडं. मग दट्ट्या खाली जाताना दाखवायला घेतला आणि भांड्याचा तळ आला तरी हात थांबला नाही. दट्ट्या ट्रे भेदून गेला, गादीतून उतरला, जमिनीत शिरला आणि खोल जाता जाता त्याची वाट हाच खाणीचा उभा बोगदा झाला. पाहणाऱ्याच्या मनात घर करून राहतो तो प्रसंग हाच, आणि काढायला बसेपर्यंत खुद्द चित्रकाराला त्याचा पत्ता नव्हता. पुढे एका व्याख्यानात केंट्रिजने या प्रकाराला ‘फोर्तुना’ असं नाव दिलं. निव्वळ योगायोगाच्या पलीकडचं, तरीही आखून केलेलं नव्हे, असं काहीतरी त्याला त्यातून सांगायचं होतं.

त्याची पद्धत अगदी साधी आहे. भिंतीवर कागद, हातात चारकोलची कांडी आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला कॅमेरा. चित्रात थोडा बदल करायचा, चालत कॅमेऱ्यापाशी जायचं, एक-दोन फ्रेम टिपायच्या, परत येऊन पुसायचं आणि पुन्हा काढायचं. नेहमीच्या ॲनिमेशनमध्ये हालचालीच्या प्रत्येक टप्प्याला वेगळं चित्र लागतं. इथे एकच कागद दिवसेंदिवस बदलत राहतो. चारकोल पुरता पुसला जात नाही, करडा डाग मागे उरतोच. त्यामुळे चालणाऱ्या माणसामागे त्याच्याच आधीच्या पावलांची धूसर रांग लागते. १९८९ सालच्या ‘जोहान्सबर्ग, सेकंड ग्रेटेस्ट सिटी आफ्टर पॅरिस’पासून हे डाग म्हणजे केंट्रिजच्या कामाची ओळखच झाली. कागद ते कॅमेरा या येरझाऱ्यांमध्येच आपल्याला पुढचं सुचतं, असंही तो सांगत आला आहे.

उत्स्फूर्त रेखाटन म्हटलं की मन मोकळं सोडा, विचार करू नका, हाताला येईल ते येऊ द्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. मोकळ्या सोडलेल्या हाताला अडवणारं, चकवणारं, मध्येच नवी वाट दाखवणारं काहीतरी समोर लागतं, आणि ते काम साधन करतं. चारकोल, ग्रॅफाइट आणि पेस्टल ही तिन्ही कोरडी साधनं. पाणी नाही, तेल नाही, वाळायची वाट पाहणं नाही. सुचणं आणि उमटणं यांच्यात वेळ जातच नाही. मात्र तिघांचे स्वभाव वेगळे आहेत आणि त्या त्या स्वभावाप्रमाणे हाताला सुचतं तेही वेगळं.

चारकोल म्हणजे हवा लागू न देता भाजलेलं लाकूड. चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने १४००च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात त्याची कृती सविस्तर दिली आहे. विलोच्या सुक्या काड्या वीतभर लांबीच्या कापून टोकं निमुळती करायची, जुड्या बांधून नव्या मडक्यात भरायच्या, तोंड मातीने लिंपायचं आणि संध्याकाळी काम आटोपलेल्या पाववाल्याच्या भट्टीत ते मडकं रात्रभर ठेवायचं. रेखाटताना ही कांडी काठीच्या टोकाला बांधावी म्हणजे चित्रापासून लांब उभं राहता येतं, आणि चुकलं तर पिसाने झटकावं, असंही तो सांगतो. पिसाने झटकता येतं याचं कारण चारकोलचे कण वेडेवाकडे आणि खडबडीत असतात. ते कागदाच्या उंचवट्यांवर टेकून राहतात, आत मुरत नाहीत.

काठीची ही युक्ती साडेपाचशे वर्षांनी आँरी मातीसने वापरली. दक्षिण फ्रान्समधल्या व्हाँस इथल्या प्रार्थनागृहासाठी भिंतीएवढ्या आकृत्या करताना त्याने लांब बांबूच्या टोकाला चारकोल बांधला होता. तेव्हा तो ऐंशीच्या घरात होता आणि १९४१मधल्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्याचा बराच वेळ अंथरुणात आणि चाकाच्या खुर्चीत जाई. बांबूच्या टोकाशी बोटांची कारागिरी चालत नाही. हात खांद्यापासून फिरवावा लागतो, बारकावे आपोआप गळतात आणि आकृतीचा तोल तेवढा उरतो. नवशिक्यांना उभं राहून, हात लांब करून, मोठ्या कागदावर काढायला लावतात ते याचसाठी. मनगट टेकवून काढणाऱ्याचा हात लिहिण्याच्या सवयीने चालतो. खांद्यापासून फिरणाऱ्या हाताला तशी सवय नसते, त्यामुळे तो नव्याने पाहून काढतो.

मातीसचं आणखी एक उदाहरण इथे महत्त्वाचं आहे. १९४१-४२मध्ये त्याने ‘थीम्स अँड व्हेरिएशन्स’ ही रेखाचित्रांची मालिका केली आणि १९४३मध्ये ती प्रसिद्ध झाली. प्रत्येक गटाच्या सुरुवातीला मॉडेलचं किंवा फुलाफळांचं एक चारकोल चित्र असे. घासलेलं, पुसलेलं, पुन्हा काढलेलं, खूप वेळ घेतलेलं. त्यानंतर तो पेन किंवा पेन्सिल घेई आणि एकामागून एक रेखाचित्रं काढत सुटे. त्यांत दुरुस्ती नाही, खोडणं नाही. नुसती ती रेघ पाहिली तर वाटतं की सगळं एका दमात, सहज झालं. पण त्या सहजतेच्या आधी चारकोलने काळा झालेला एक कागद आहे. मातीससारख्या चित्रकाराच्या बाबतीत अंतःप्रेरणा हा शब्द वापरताना तो काळा कागद विसरला की सगळंच चुकतं.

चारकोलचा सर्वांत सुंदर गुण उलट्या दिशेने काम करताना कळतो. एक जाडसर कार्ट्रिज पेपर घ्यायचा. चारकोलची कांडी आडवी धरून कागदभर फिरवायची आणि सुती फडक्याने हलकेच पुसायची. कागद सगळीकडे मध्यम करडा होतो. मग पुट्टी रबर, म्हणजे पिठाच्या गोळ्यासारखं मळता येणारं खोडरबर, चिमटीत घेऊन त्याला टोक काढायचं आणि उजेड जिथे पडलाय तिथला चारकोल उचलायचा. घासायचं नाही, दाबून उचलायचं. नाकाचा शेंडा, कपाळाची कड, भांड्याच्या काठावरची चमक पांढरी होऊन वर येते. मग अंधाराच्या जागी पुन्हा कांडी दाबायची. इथे एकही बाह्यरेषा काढलेली नसते, तरी आकार उभा राहतो. फडक्याचा एखादा फटकारा चुकून भलतीकडे गेला तर तिथे ढग दिसतो किंवा पडद्याची चुणी दिसते. ती ठेवायची की मोडायची हे त्या क्षणी ठरवायचं. ही निवड इतक्या वेगाने करावी लागते की आधी केलेला बेत मागे पडतो.

या खेळाचं वय पाहिलं की थक्क व्हायला होतं. डिसेंबर १९९४मध्ये फ्रान्सच्या आर्देश भागात शोव्हे गुहेचा शोध लागला. तिच्यातल्या प्रसिद्ध चार घोड्यांच्या भिंतीवर आधी दगडाचा पृष्ठभाग खरवडून पांढरा केलेला आहे. पाइनच्या लाकडाच्या कोळशाने डोकी रेखाटल्यावर तो कोळसा बोटांनी भिंतीवरच्या मऊ पांढऱ्या थरात मिसळून गालाची, जबड्याची गोलाई आणली आहे. किरणोत्सर्गी कार्बनच्या चाचण्यांनुसार तिथली सर्वांत जुनी चित्रं सुमारे ३६ हजार वर्षांपूर्वीची ठरतात. आजच्या कलाशाळेत ज्याला स्टंपिंग म्हणतात, तेच त्या माणसाने उघड्या बोटाने केलं.

ग्रॅफाइटला असा मोकळेपणा मानवत नाही. तेही कार्बनच, पण त्याचे अणू पातळ पापुद्र्यांत रचलेले असतात आणि पापुद्रे एकमेकांना फार सैलपणे धरून असतात. पेन्सिल टेकली की ते सरकून कागदावर उतरतात. ते सपाट असल्यामुळे प्रकाश परतवतात, म्हणून ग्रॅफाइट कितीही गडद केलं तरी चकाकतं आणि चारकोलचा मखमली काळा त्याला कधी साधत नाही. त्याच्याकडे आहे ती रेघ. दाब बदलला की त्याच टोकातून केसाएवढी फिकी रेघ येते आणि काळीभोर जाड रेघही.

इंग्लंडमधल्या बॉरोडेल इथे सोळाव्या शतकात इतकं शुद्ध ग्रॅफाइट सापडलं की नुसत्या कापलेल्या कांड्या दोऱ्यात गुंडाळून वापरता येत. तोफगोळ्यांच्या साच्यांनाही ते लागत असल्याने त्याची किंमत एवढी होती की खाणीतून चोरी करणं हा १७५२च्या कायद्याने गंभीर गुन्हा ठरला. पुढे युद्धामुळे फ्रान्सला इंग्लिश ग्रॅफाइट मिळेना. तेव्हा निकोला-झाक कोंते याने ग्रॅफाइटची पूड आणि चिकणमाती मिसळून, कांड्या करून भट्टीत भाजल्या. १७९५मध्ये त्याला पेटंट मिळालं. माती जास्त तर पेन्सिल कडक आणि फिकी, कमी तर मऊ आणि काळी. कंपासपेटीतली एचबी याच मिश्रणाची वंशज आहे.

या साध्या पेन्सिलीने माक्स अर्न्स्टला १९२५च्या ऑगस्टमध्ये एक दार उघडून दिलं. पोर्निक या फ्रेंच किनाऱ्यावरच्या गावी एका खानावळीत तो उतरला होता. वर्षानुवर्षं घासून घासून फरशीच्या फळ्यांवरचे लाकडाचे तंतू उठून आले होते आणि त्याची नजर तिथून हलेना. त्याने फळ्यांवर कागद टाकले आणि वरून ग्रॅफाइट घासलं. तंतूंचा ठसा कागदावर उतरला, त्या ठशात त्याला जंगलं, समुद्र, पक्षी दिसू लागले आणि दिसलं ते त्याने थोडं पुढे नेलं. मग पानं झाली, सुतळी झाली, तागाचं कापड झालं. या घासून काढलेल्या चित्रांचा ‘इस्त्वार नात्युरेल’ हा संच १९२६ साली निघाला. त्या वेळी पॅरिसमधले अतिवास्तववादी चित्रकार जाणीवपूर्वक विचार टाळून हात चालवायचे प्रयोग करत होते. आंद्रे मासाँच्या शाईच्या रेघा त्यातूनच आल्या. अर्न्स्टचा मार्ग जास्त फलदायी ठरला असं म्हणायला हवं, कारण त्याने हाताला काहीतरी वाचायला दिलं. कोऱ्या कागदावर डोळे मिटून काढलेल्या रेघा लवकरच एकमेकींसारख्या होतात. लाकडाची फळी मात्र दर वेळी नवीन काहीतरी पुढे करते.

नजर आणि हात यांची थेट गाठ घालून देणारा शिक्षक म्हणून न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमधल्या किमॉन निकोलाइडिसचं नाव घ्यावं लागतं. १९३८ साली तो वारला आणि ‘द नॅचरल वे टु ड्रॉ’ हे त्याचं पुस्तक १९४१मध्ये आलं. त्यातल्या दोन अभ्यासांनी जगभरच्या कलाशाळांमध्ये ठाण मांडलं. पहिल्यात पेन्सिलचं टोक समोरच्या वस्तूलाच लागलंय असं समजून, कागदाकडे न पाहता, नजर जेवढ्या गतीने कडेवरून सरकेल तेवढ्याच गतीने रेघ ओढायची. दुसऱ्यात मॉडेल काही सेकंदांत पवित्रा बदलतं आणि तेवढ्या अवधीत आकार नव्हे, तर शरीराचा झोक पकडायचा. पहिला अभ्यास करून पाहिला तर चित्र बहुधा विचित्र येतं. कान खांद्यावर उतरतो, तोंड गालाबाहेर जातं. पण कानाच्या पाळीचा वळसा, बोटाच्या पेराचा फुगवटा यांत असा नेमकेपणा येतो की मोजूनमापून काढणाऱ्याला तो सापडत नाही. माणूस तोवर ‘कान’ काढत असतो, इथे तो हा कान काढतो.

बेटी एडवर्ड्सचं ‘ड्रॉइंग ऑन द राइट साइड ऑफ द ब्रेन’ हे १९७९ सालचं गाजलेलं पुस्तक हाच मुद्दा वेगळ्या वाटेने मांडतं. चित्र उलटं ठेवून नक्कल करायला लावली की नाक, डोळा ही नावं सुटतात आणि नुसते आकार उरतात. अभ्यास उत्तम आहे. डावा मेंदू तर्काचा आणि उजवा कलेचा ही त्यामागची विभागणी मात्र मेंदूविज्ञानाला आता इतकी सरळसोट वाटत नाही. रॉबर्ट सोल्सो या मानसशास्त्रज्ञाने ब्रिटिश व्यक्तिचित्रकार हम्फ्री ओशनला स्कॅनरमध्ये झोपवून चेहरे रेखाटायला दिले आणि चित्रकला न शिकलेल्या एका व्यक्तीशी तुलना केली. चेहरे ओळखण्याशी निगडित भागात चित्रकाराची धावपळ कमी दिसली आणि मेंदूच्या पुढच्या उजव्या भागात जास्त. दोनच माणसांच्या प्रयोगावरून सिद्धान्त उभारता येत नाही. तरी हात बसलेल्या माणसाला ओळखण्यासाठी वेगळे कष्ट पडत नाहीत आणि त्याची शक्ती पुढच्या निर्णयांसाठी मोकळी राहते, हे चित्रकारांच्या रोजच्या अनुभवाशी जुळतं. विलेम द कूनिंगने १९६६मध्ये डोळे मिटून चारकोलने रेखाचित्रांची एक मालिका केली, तेव्हा त्याच्या मागे आयुष्यभर गिरवलेली माणसाची आकृती उभी होती.

पेस्टलकडे वळलं की प्रश्नच बदलतो. इथे रंग आहे. खडूची पांढरी भुकटी, रंगद्रव्य आणि सगळं जेमतेम एकत्र धरून ठेवील एवढाच डिंक, अशी पेस्टलची कांडी असते. तेल नसल्याने ते पिवळं पडत नाही, म्हणून अठराव्या शतकातल्या रोझाल्बा कारिएरा आणि मोरिस कांतँ द ला तूर यांच्या व्यक्तिचित्रांतले गाल आजही ताजे दिसतात. पण पॅलेटवर कालवून हवी ती छटा करायची सोय नाही. मिश्रण कागदावरच, एका रंगावर दुसरा ओढून करावं लागतं, आणि कागदाचा खरखरीत पोत ठरावीक थरांनंतर भरून जातो. पुढचा खडू मग नुसता घसरतो. त्यामुळे पेस्टलमध्ये हाताला सुचतं ते प्रामुख्याने शेजारासंबंधी असतं. या तपकिरीच्या कडेला थंड हिरवा आला तर काय होईल? उत्तर हवं असेल तर ओढूनच पाहावं लागतं.

एदगार देगाने हे ओढून पाहणं जेवढं पुढे नेलं तेवढं क्वचितच कोणी नेलं असेल. तो ट्रेसिंग पेपरवर एकच नर्तिका पुन्हा पुन्हा उतरवी, कागद उलटा करी, आकृती सरकवी. चित्र वाढत वाढत कागदाच्या कडेशी आलं की खाली किंवा बाजूला कागदाची पट्टी जोडून घेई. त्याच्या अनेक पेस्टल चित्रांत हे सांधे आजही दिसतात आणि रचना कुठे आपला पहिला बेत सोडून बाहेर पडली ते नेमकं सांगतात. पेस्टलवर वाफ सोडून त्याचा लगदा करायचा आणि तो ब्रशने पसरायचा, हाही त्याचा एक प्रयोग. थर बसवायला तो मध्ये मध्ये फिक्सेटिव्ह फवारी, म्हणजे आधीचा रंग पक्का होऊन वरच्या थराला पुन्हा पकड मिळे. उतारवयात दृष्टी अधू झाल्यावर त्याचे फटकारे अधिकच रुंद आणि धीट झाले.

ओदिलों रदों हा चारकोल आणि पेस्टल या दोन्ही वाटांवरचा माणूस. बोर्दोत १८४० साली जन्मलेल्या या चित्रकाराने जवळजवळ दोन दशकं मुख्यतः काळ्यात काम केलं. चारकोल, त्यावर राळेचं फिक्सेटिव्ह, ते ओलं असतानाच पुसणं, खरवडणं, पुन्हा चारकोल. काळोखातून एखादा तरंगता डोळा किंवा माणसाचं तोंड असलेला कोळी वर येई. १८९०च्या दशकात त्याच हाताने पेस्टल उचललं आणि निळ्या-नारिंगीचा असा भडका उडाला की पाहणाऱ्याला हा दुसराच कोणी वाटावा. कागदावरचा व्यवहार मात्र तोच होता. आधी एक डाग, मग त्या डागाने काय मागितलं ते पाहणं.

महाराष्ट्रातल्या मुलांच्या दप्तरात जो तेलकट पेस्टलचा डबा असतो, त्याचा उगमही उत्स्फूर्त चित्रकलेच्या एका चळवळीपाशी आहे. जपानमध्ये शाळेत चित्रकला म्हणजे नमुना समोर ठेवून नक्कल, असा प्रघात होता. कानाए यामामोतो हा चित्रकार फ्रान्सहून परतताना रशियात मुलांची चित्रं पाहून भारावला आणि १९१९मध्ये त्याने नागानो प्रांतात मुलांच्या मुक्त चित्रांचं प्रदर्शन भरवलं. मुलांना स्वतः पाहिलेलं काढू द्या, ही मागणी देशभर पोचली. पण मेणाचे क्रेयॉन कडक आणि फिके, तर मऊ पेस्टल ठिसूळ. तेव्हा १९२१ साली सुरू झालेल्या साकुरा कंपनीने रंगद्रव्य, मेण आणि तेल यांचं मिश्रण करून त्या दशकाच्या मध्यात ‘क्रे-पास’ आणलं. मुलाने दाबून ओढलं तरी न मोडणारा आणि भरपूर रंग सोडणारा असा तो खडू होता. १९४९मध्ये पॅरिसच्या सेनेलिए दुकानाने पिकासोसाठी त्याची मोठ्यांची आवृत्ती काढली. आपल्याकडे, १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनचे ‘कॅमल’ ऑइल पेस्टल घरोघरी पोचले. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांमधला स्मरणचित्राचा विषय या दृष्टीने मोलाचा आहे. बाजार, जत्रा, पाणवठा आठवून काढताना समोर नक्कल करायला काहीच नसतं. दुर्दैव एवढंच की क्लासमध्ये पाठ करून घेतलेली तीन-चार ठरीव माणसंच पुष्कळदा त्या बाजारात हिंडतात.

तिन्ही साधनं एका कागदावर आणायची तर क्रम सांभाळावा लागतो. सुरुवात चारकोलने, कारण मोठे आकार त्यानेच हलवता येतात. त्यावर फिक्सेटिव्हचा हलका हात दिला की काळी पूड रंगात कालवली जात नाही, आणि मुद्दाम मळकट छटा हवी असेल तर तो न देताही पुढे जाता येतं. मग पेस्टल, गडदाकडून उजळाकडे. ग्रॅफाइटची गुळगुळीत जागा चारकोल आणि पेस्टल दोन्ही झिडकारते, म्हणून त्याच्या बारीक रेघा शेवटी आणि मोजक्या. फिक्सेटिव्ह उघड्या हवेत, हातभर अंतरावरून, दोन-तीन पातळ फवाऱ्यांत मारावं. एकदम भिजवलं तर पेस्टलचे उजळ रंग काळवंडतात. फ्रेम करताना चित्र आणि काच यांच्यात माउंटची जाडी सोडावी लागते. ॲक्रिलिकची पारदर्शक शीट स्थिर विजेने भुकटी ओढून घेते, तेव्हा पेस्टलला साधी काचच बरी.